मल्लिनाथअप्पांच्या फोनमधले फोटो

वडीलधाऱ्यांनो, बंधू-भगिनींनो, आणि पुढं बसलेल्या शांताअक्का,

एवढ्या उन्हाचे तुम्ही सगळे अप्पांच्या शोकसभेला आलात. जळकोटहून आलात, नळदुर्गाकडून आलात, धाराशिवातली तर अख्खी गल्ली आलीय. मला बोलायला उभं राहणं जड जातंय. 

मी वनिता. मूळची ईटची. धाराशिवात वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस चालवते. मल्लिनाथअप्पा माझ्याकडं दोन वर्षं कामाला होते. काय काम करत होते, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना चुकीचं माहीत आहे.

खरं सांगू? आज एवढी माणसं बघून मला बरं वाटलं नाही. मला शंका आली. गेल्या वर्षभरात यातले किती जण अप्पांच्या दारात गेले होते? मघाशी मी बाहेर चप्पल काढत होते, तेव्हा दोघं बोलत आत आले. "त्या फोटोंचं शेवटी काय झालं म्हणे?" असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "बघू, आज कुणी काढतंय का विषय." त्या दोघांची नावं मी घेत नाही. पण असे दोनच आहेत, असंही मला वाटत नाही. माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनीही अप्पांचा शांत स्वभाव सांगितला, त्यांचं नेमानं लिंगपूजा करणं सांगितलं. फोटोंबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. मी उघडणार आहे. त्यासाठीच मी बोलायला नाव दिलंय.

आधी अप्पांचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अप्पा पंचवीस वर्षं लग्नपत्रिकेच्या छापखान्यात प्रूफ वाचायचे. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या पत्रिका त्यांच्या डोळ्याखालून गेल्यात. छापखाना बंद पडला आणि ते माझ्याकडं आले. मी म्हणाले, अप्पा, इथं कागद नाही, इथं काय वाचणार? ते म्हणाले, "ताई, छापखान्यात ट्यूबलाइटखाली पत्रिका एक दिसायची, दारात उन्हात नेली की दुसरी दिसायची. तुमच्या कम्प्युटरचं तसंच असंल की." मी हसले. पण त्यांना ठेवून घेतलं.

तेव्हा मी आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट बनवत होते. मुलामुलींचे फोटो, खाली माहिती. नाव, गाव, शिक्षण, पहिलं लग्न की दुसरं. माझ्या लॅपटॉपवर ती साइट झकास दिसायची. मी अप्पांना कौतुकानं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपवर ग्वाड दिसतंय. पर आडतीतल्या मशीनवर काय दिसतंय, ते बघितलंय का?"

आता हे जरा समजून घ्या. वेबसाइट म्हणजे भिंतीवर लावलेला फोटो नाही, की सगळ्यांना एकच दिसेल. प्रत्येकाच्या मशीनवर ती नव्यानं मांडली जाते. ब्राउझर जुना असला, स्क्रीन लहान असली, कुणी अक्षरं मोठी केलेली असली, की मांडणी बदलते. बटण खाली जातं. नावाच्या जागी नुसते चौकोन येतात. मोठ्या शहरातल्या कंपन्यांकडं हे तपासायला वेगळी सोय असते. माझ्याकडं दोन लॅपटॉप होते आणि अप्पा होते.

अप्पांनी गावातल्या मशीनची एक यादी केली. कुणाकडं कसला कम्प्युटर आहे, कुठला ब्राउझर आहे. मेडिकलवाल्याकडचा, झेरॉक्सच्या दुकानातला, शाळेतला, आडत बाजारातले सहा-सात. सकाळी पिशवीत पाण्याची बाटली टाकून ते निघायचे. दुकानात जायचे, गिऱ्हाईक नसेल ती वेळ धरायचे, आणि म्हणायचे, "मालक, पाच मिनिटं मशीन देता का?" मग साइट उघडायचे. एकेक पान, एकेक मुलगी, एकेक मुलगा. अक्षरं मोठी करून बघायचे, लहान करून बघायचे. काही खटकलं की खिशातून मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घ्यायचे. मधेच कानडीत "नोडोण, नोडोण" म्हणायचे. बघू, बघू. त्यांचा कशावरही पटकन विश्वास बसायचा नाही. मी दुरुस्ती केली आणि म्हणाले, झालं अप्पा, की ते पुन्हा पिशवी उचलायचे आणि त्याच दुकानात जाऊन बघून यायचे. मला राग यायचा. म्हणजे मी खोटं बोलते का?

पण जरा बाहेरून बघा. पन्नाशी उलटलेला माणूस. लग्न झालेलं नाही. रोज वेगवेगळ्या दुकानात बसतोय, आणि समाजातल्या लग्नाच्या मुली बघतोय. त्यांचे फोटो काढतोय. तुम्हाला काय वाटलं असतं?

वाटलंच तुम्हाला. खाली बघू नका. मलाही वाटलं.

पहिल्यांदा मेडिकलवाला म्हणाला, "ताई, तुमच्या माणसाचं काम तरी काय हो? निस्त्या पोरी बघत बसतोय." मी त्याला काम समजावून सांगितलं. पण घरी जाताना माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी अप्पांवर नजर ठेवायला लागले. ते मोबाईल टेबलावर नेहमी पालथा ठेवायचे. का ठेवतात? मी जवळ गेले की वही मिटायचे. का मिटतात? ज्या माणसाला मी चहा विचारत होते, त्याच्याकडं मी चोरासारखं बघायला लागले. माणूस एकदा असा दिसायला लागला की त्याचं खोकणंसुद्धा संशयाचं वाटतं.

आणि मग ती मुलगी सापडली. साइटवर चन्नबसवेश्वरी नावाची एक मुलगी होती. नाव लांबलचक, गाव लांबलचक, शिक्षणाच्या पदव्याच चार. फोटोच्या जागी नुसती सावली. तिला तीन ठिकाणांहून विचारणा आली होती. मंडळाच्या सचिवकाकांनी तिच्या घरी फोन लावला, तर नंबर लागेना. शोधलं, तर अशी मुलगीच नाही. ती अप्पांनी घातली होती. इतकं मोठं नाव चौकोनात मावतंय का, ते बघायला. हे काम करणारे सगळेच असं करतात. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. मी तेव्हा फोनवर बोलत होते, हं हं केलं होतं. पण सचिवकाकांनी विचारल्यावर मला ते आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि मी बोलले नाही. आज मला माझीच खात्री देता येत नाही.

सचिवकाका तेव्हा मला हळूच म्हणाले, "खोटी पोरगी घालणारा माणूस आणखी काय काय करत असंल." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

आता जे सांगते, ते नीट ऐका.

आपल्या समाजातल्या एका मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलीचं नाव घेत नाही. मुलगा चांगला, घर व्यापाऱ्याचं. बघणं झालं, पसंती झाली, साखरपुड्याची तारीख काढायची राहिली होती. आणि एके दिवशी मुलाकडून निरोप आला, की आम्हाला फसवलंत. मुलाच्या आजोबांनी आडतीतल्या कम्प्युटरवर साइट उघडली होती. मुलीच्या फोटोखाली लिहिलेलं होतं, घटस्फोटित, एक अपत्य. आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. स्थळ मोडलं. नुसतं मोडलं नाही, बोभाटा झाला. मुलगी घराबाहेर पडेना.

मुलीचे वडील माझ्या ऑफिसात आले. सोबत अध्यक्षसाहेब आणि सचिवकाका. मी त्यांच्यासमोर साइट उघडली. मुलीच्या फोटोखाली बरोबर माहिती होती. पहिलं लग्न. सगळं जागच्या जागी. मग आजोबांनी काय वाचलं? आमच्या चौघांच्या मनात एकच उत्तर आलं. कुणीतरी माहिती बदलली, आणि बोंब झाल्यावर पुन्हा जागेवर ठेवली. आणि ते करणारा कोण, हे कुणी बोलायची गरजच नव्हती. अप्पा कोपऱ्यात बसले होते. मोबाईल पालथा.

मी म्हणाले, "अप्पा, तुमचा फोन द्या."

त्यांनी दिला. लगेच दिला. लपवाछपवी केली नाही. हेसुद्धा आम्हाला वाईटच वाटलं. सचिवकाका म्हणाले, बघा, निर्ढावलाय. फोन उघडला तर आत मुलीच मुली. बोट सरकवत जाईल तशा मुली. त्यात ज्या मुलीचं स्थळ मोडलं, तिचा फोटो. एक नाही, पाच. मुलीच्या वडिलांनी टेबलावर हात आपटला. 

अप्पा म्हणाले, "ताई, हे फोटो पोरींचे न्हायत, चुकांचे हायत. मी तुम्हाला सांगितलं व्हतं, चौथी मुलगी घसरती म्हणून. आडतीतल्या मशीनवर जाऊन बघा. आत्ता बघा."

मी गेले नाही. आडत बाजार माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. मला वाटलं, हा वेळ काढतोय. मी त्यांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. सचिवकाकांनी ते फोटो पुरावा म्हणून पेन ड्राइव्हवर घेतले, आणि फोनमधून पुसून टाकले.

पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. मेडिकलवाल्यानं, झेरॉक्सवाल्यानं, सगळ्यांनी अप्पांचा हात लागला होता म्हणून आपली मशीनं पुसून घेतली. अप्पा लग्नात वाढायला हौसेनं उभे राहायचे, बुंदीची बादली त्यांच्याकडंच असायची. ते बंद झालं. एका लग्नात त्यांच्या हातातून बादली काढून घेतली, असं मी ऐकलं. कुणी काढून घेतली, ते या हॉलमधे बसलेलं आहे. मग अप्पा धाराशिव सोडून जळकोटला बहिणीकडं, शांताअक्कांकडं राहायला गेले.

आता चौथी मुलगी घसरते, म्हणजे काय, ते सांगते. हे मला त्यांनी त्या सगळ्या प्रकाराच्या महिनाभर आधी सांगितलं होतं.

मी साइटवर वर फोटोंची ओळ ठेवली होती आणि खाली माहितीच्या चौकोनांची ओळ. वर चार फोटो, खाली चार चौकोन. प्रत्येकीच्या खाली तिची माहिती. पण जुन्या ब्राउझरवर कुणी अक्षरं मोठी केली, की वर तीनच फोटो मावायचे. चौथीचा फोटो घसरून पुढच्या ओळीत जायचा. माहितीचे चौकोन मात्र जागचे हलायचे नाहीत. मग चौथ्या मुलीच्या फोटोखाली पाचवीची माहिती यायची. एवढंच. कुणी काही बदलायची गरज नव्हती.

अप्पा आले होते सांगायला. मी माझ्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून बघितली. काही घसरलं नाही. मी म्हणाले, "दिसतंय की बरोबर."

ते म्हणाले, "तुमचं मशीन नवं हाय. जुनं मशीन आन् मोठी अक्षरं, दोन्ही एका जागी आल्यावर घसरतंय."

मी म्हणाले, "अप्पा, असली मशीनं आता कोण वापरतं? सगळं जग मोबाईलवर बघतं."

तेव्हा ते जे बोलले, ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, "पोरं मोबाईलवर बघत्यात ताई. पर लग्न पोरं ठरवत्यात का? ठरवणारा म्हातारा आडतीत बसलाय. त्याचं बिलाचं सॉफ्टवेअर जुनं हाय, म्हणून मशीन बदलत न्हाय. आन् डोळ्यानं दिसत न्हाय, म्हणून अक्षरं मोठी. आपल्या समाजाची लग्नं त्याच मशीनवर ठरत्यात."

किती सरळ होतं हे. ज्या माणसाचं स्वतःचं लग्न झालं नाही, त्याला आपल्यात लग्न कसं ठरतं हे कळलं होतं. मला कळलं नाही. मी म्हणाले, बघू पुढच्या आठवड्यात. आणि तो आठवडा आलाच नाही.

मला हे केव्हा कळलं? दिवाळीत. ईटला, माझ्याच घरी. माझ्या वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानात जुना कम्प्युटर, बिलं करायला. माझ्या भावासाठी मुली बघायचं चाललं होतं. वडील म्हणाले, "वनिता, ही मुलगी चांगली दिसती, पण दोन लेकरांची आई हाय की गं." मी डोकावले. ती मुलगी माझ्या ओळखीची होती. तिचं लग्नच झालेलं नव्हतं. फोटो तिचा, खाली माहिती दुसरीची. आणि अक्षरं ही एवढी मोठी. वडिलांना दिसत नाही म्हणून आदल्या दिवाळीत ती कुणी मोठी करून दिली होती? मीच.

मी त्या खुर्चीत बसले ते उठलेच नाही. आई फराळाला हाका मारत होती.

धाराशिवला आले आणि सचिवकाकांकडून तो पेन ड्राइव्ह मागून घेतला. काका, तुम्ही विचारलंत, कशाला पाहिजे. मी काहीतरी थाप मारली. ते फोटो मी पुन्हा बघितले. माझ्या मोठ्या स्क्रीनवर. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक कागदाची चिठ्ठी होती. अप्पांनी बोटानं धरलेली. त्यांचं नखसुद्धा दिसत होतं. चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, मशीन कुणाचं, ब्राउझर कुठला, अक्षरं किती मोठी, काय घसरलं. एकूण एक फोटोत. ज्या मुलीचं स्थळ मोडलं, तिच्या पाच फोटोंत पाच चिठ्ठ्या. पाच वेगवेगळी मशीनं. तारीख स्थळ मोडण्याच्या आधीची. त्यांनी तिला घसरताना पाच वेळा पकडलं होतं.

आणि मुलांचेही फोटो होते हो. तेवढेच होते. मुलगेही घसरत होते. आम्ही चौघांनी त्या दिवशी बोट सरकवत सरकवत फक्त मुली मोजल्या. चिठ्ठी एकालाही दिसली नाही. कारण आम्ही चेहरे बघत होतो. अप्पा एकटेच चेहरे बघत नव्हते.

मी साइट दुरुस्त केली. मुकाट्यानं. कुणाला काही सांगितलं नाही. मग जळकोटला गेले.

शांताअक्का, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दार उघडलंत आणि मला आत या म्हणाला नाहीत. बरोबर केलंत. अप्पाच आतून म्हणाले, "ताईला पाणी दे." मी म्हणाले, अप्पा, माझी चूक झाली. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "ते घसरायचं दुरुस्त केलं का?" मी म्हणाले, केलं. ते म्हणाले, "कुठल्या मशीनवर बघितलं?" मी म्हणाले, ईटला, वडिलांच्या. ते म्हणाले, "आडतीत जाऊन बघा. एका मशीनवर इस्वास ठेवू नका." तेव्हासुद्धा त्यांना माझा भरवसा वाटत नव्हता, आणि कामाच्या बाबतीत ते योग्यच होतं.

मग मी पुन्हा माफीचं काढलं.  अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग अप्पा म्हणाले, "घरात माफी मागून काय करू ताई? माझ्या बहिणीला ठावंच हाय मी कसा हाय. ज्यांच्यासमोर माझा फोन घेतला, त्यांच्यासमोर सांगा. चौघंच व्हता तुम्ही. तेवढ्यांत सांगितलं तरी बास."

मी हो म्हणाले. मंडळाच्या बैठकीत सांगते म्हणाले.

बैठक झाली. मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? मी तुम्हाला दहा कारणं देऊ शकते, आणि त्यातल्या एकावरही तुम्ही विश्वास ठेवू नका. खरं कारण एकच. सांगितलं असतं, तर स्थळ माझ्या साइटनं मोडलं, हे बाहेर आलं असतं. गावात माझं नाव गेलं असतं. अप्पांचं नाव तर आधीच गेलेलं होतं. मला वाटलं, थोडं थांबू, गेलेलं आणखी कुठं जाणार आहे. एवढी हलकी झाले मी.

त्यांचा फोन आला. "झाली का बैठक?" मी म्हणाले, पुढच्या महिन्यात. पुन्हा आला. मी म्हणाले, अध्यक्षसाहेब गावाला गेलेत. अध्यक्षसाहेब, तुम्ही कुठं गेला नव्हता. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. त्यांना कळलं असणार. तिसऱ्यांदा बघायला येणारा माणूस होता तो, पण माझ्याकडं तिसऱ्यांदा आला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी जळकोटच्या घरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला नेईपर्यंत ते राहिले नाहीत. मला निरोप मेडिकलवाल्याकडून कळला. तो म्हणाला, "ताई, माणूस वाईट नव्हता तसा." तसा म्हणाला. मेल्यावरही त्यांच्या मागं तो "तसा" लागलेला आहे. आज तुमच्या कितीतरी जणांच्या मनात तो आहे. म्हणून मी आज उभी आहे.

तर मी सांगते. सगळ्यांसमोर सांगते. मल्लिनाथअप्पांनी एकाही मुलीचा फोटो वाईट हेतूनं काढला नाही. त्यांनी कुणाची माहिती बदलली नाही. ती खोटी मुलगी कामासाठी होती आणि मला ते माहीत होतं. चूक माझ्या साइटमधे होती. त्यांनी ती शोधली, मला दाखवली, मी ऐकलं नाही.

तिसऱ्या ओळीत मुलीचे वडील बसलेत. दादा, तुम्ही आज का आलात, मला माहीत नाही. मनात राग धरून आला असाल, तर तो योग्य ठिकाणी ठेवा. तुमच्या मुलीचं स्थळ अप्पांनी मोडलं नाही. मी मोडलं. त्यानंतर तिनं स्थळं बघणंच थांबवलं, असं मी ऐकते. तिला हे तुम्ही सांगा. नाहीतर मी येऊन सांगते, तुम्ही दारातून आत घेतलंत तर. मुलाच्या आजोबांना मी कालच आडतीत जाऊन सांगितलंय. त्यांना त्यांच्याच मशीनवर अप्पांचा फोटो आणि आताची साइट शेजारी शेजारी दाखवली. ते नुसते चष्मा काढून पुसत बसले.

पेन ड्राइव्ह मी आणलाय. यात लोकांच्या मुली आहेत, म्हणून तो इथं पडद्यावर लावत नाही. कार्यक्रम झाल्यावर तो शांताअक्कांच्या हातात देणार आहे. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी अक्कांच्या घरी जावं, त्यांच्यासमोर बसावं, आणि त्यांच्या परवानगीनं चिठ्ठ्या वाचाव्यात. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझा शब्द काय लायकीचा आहे, ते आत्ताच मी सांगितलं.

अक्का, उठू नका. बसा. तुम्ही मला काही म्हणायची गरज नाही.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणार आहोत. पण एकदम सगळे उठू नका. अप्पांनी चौघांत सांगायला सांगितलं होतं. ते चौघं आज या हॉलमधे आहेत. मी आहे. अध्यक्षसाहेब पहिल्या ओळीत आहेत. सचिवकाका त्यांच्या शेजारी आहेत. आणि तिसऱ्या ओळीत दादा आहेत. आधी आम्ही चौघं उभे राहू. अप्पांच्या फोटोकडं तोंड करून. बाकीच्यांनी बसून राहायचं, आणि आम्हाला नीट बघायचं. आमचं झालं की मग तुम्ही उठा, आणि अप्पांना हात जोडा.

तुम्ही तिघं उठाल की नाही, मला ठाऊक नाही. माझी खात्री नाही.

अप्पा, शरणु. फार उशीर केला मी.

मी उभीच आहे. तुम्ही तिघं उठलात की सुरुवात करू.